हातचा एक

आमच्या घरची शाळा सरकारी तपासणीत पास झाली आणि त्या शाळेचा एकुलता एक शिक्षक, म्हणजे मी, नापास झाला. ही बातमी आता तळमजल्यापासून गच्चीवरच्या टाकीपर्यंत पोचली आहे, तेव्हा लपवण्यात अर्थ नाही. तरीही वाचकांनी कृपया असं काही घडलेलंच नाही असं धरून चालावं. मीही तसंच धरून चालतो आहे. कालच खालच्या मजल्यावरच्या काकूंनी जिन्यात विचारलं, "काय मास्तर, किती विषय गेले?" मी म्हणालो, "काकू, तुम्ही मला दुसरं कुणीतरी समजताय."

तर शाळा उत्तम चालली होती. जागा ताईच्या घरातलं जेवणाचं टेबल. फळा म्हणजे जुन्या कपाटाचं दार, काळा रंग देऊन भिंतीला टेकवलेलं. त्याची मूठ तशीच राहिल्यामुळे भूमिती शिकवताना प्रत्येक वर्तुळाला मधोमध एक पितळी बटण येत असे. पटावर विद्यार्थी तीन, तिन्ही माझी भाचरं.

थोरलीला आम्ही भिंगरी म्हणतो. नऊ वर्षांची आहे आणि बसू शकत नाही. पायाला काही झालेलं नाही, म्हणूनच बसू शकत नाही. मधला वकील. त्याला कुठलंही वाक्य द्या, तो ते उलटंपालटं करून त्यातली फट दाखवतो. "पाच मिनिटांत ये" म्हटलं की विचारतो, "कुठल्या पाच?" धाकटी घुमी, वय सहा. घरात ती बोलते, पण शब्द विकत आणावे लागत असल्यासारखी. मागच्या वर्षी खऱ्या शाळेत तिनं अख्खी सहामाही एक अक्षर न बोलता काढली. वर्गाच्या बाईंनी आधी वाट पाहिली, मग कंटाळल्या, मग ताईला बोलावून सांगितलं, की मुलीला काही कळत नाही, तिला मागच्या खोलीतल्या वेगळ्या वर्गात बसवू. ताई ती खोली बघून आली. त्या खोलीला खिडकी नव्हती. घरी येऊन पायातली चप्पलही न काढता ती म्हणाली, "ही उद्यापासून घरी शिकेल." त्यावर वकिलानं समान न्यायाची मागणी केली आणि भिंगरीनं तोवर दप्तर माळ्यावर टाकलंही होतं.

ताई दिवसभर प्रयोगशाळेत लोकांचं रक्त तपासते. भावोजी पुलांच्या कामावर परगावी असतात. एक पूल झाला की पलीकडे दुसरी नदी निघते. उरलो मी. पदवीधर, अविवाहित आणि दुपारचा मोकळा. सकाळचाही मोकळाच, पण ताईनं ते बोलून दाखवलं नाही. मोठ्या बहिणीचं मन मोठं असतं. मी स्वतःला प्राचार्य नेमलं.

"प्राचार्य म्हणजे काय?" वकिलानं विचारलं.

"सगळ्या शिक्षकांचा प्रमुख."

"बाकीचे शिक्षक कुठायत?"

मी तास संपल्याचं जाहीर केलं.

घरी शिकवायला सरकारची परवानगी लागते आणि ती देणाऱ्या खात्याचं नाव गृहशिक्षण कक्ष. या कक्षाच्या अर्जात एक रकाना होता: 'मुले कशी शिकतात? पाहून, ऐकून, की करून? एकच निवडा.' मी खिडकीपलीकडच्या कारकुनाला नम्रपणे म्हणालो, की आमच्याकडे तीन मुलं आहेत आणि तिघं तीन तऱ्हांनी शिकतात.

"एकाच घरातली ना?" कारकून म्हणाला.

"हो."

"मग?"

या 'मग'ला उत्तर नसतं. मी 'करून' वर खूण केली, कारण त्या शब्दात निदान काहीतरी घडण्याची आशा होती. परवानगी मिळाली ती सहा महिन्यांची, तात्पुरती. त्यानंतर तपासनीस बाई घरी येणार आणि प्रत्येक मुलानं त्यांना तोंडी उत्तर द्यायचं. तोंडी म्हणजे तोंडानं, वकिलानं खात्री करून घेतली. एकही मूल गप्प राहिलं तर परवानगी रद्द आणि सगळी आपापल्या जुन्या वर्गात परत. बाकीची सगळी कलमं आम्ही कोळून प्यायलो. हे एक घशात अडकलं, कारण आमच्यापैकी एकीसाठी शाळेनं कुठली खोली ठरवली होती, ते वर सांगितलंच आहे.

ताई त्या दिवशी एवढंच म्हणाली, "दोघं काय, कुठेही तरतील. तू हिच्याकडे बघ."

मी बघतच होतो. बघण्यात माझा हात कुणी धरणार नाही. पण तिघांना एकत्र शिकवणं म्हणजे एका चुलीवर तीन भांडी, आणि त्यातलं एक भांडं पळतंय. भिंगरीला टेबलाशी सातचा पाढा विचारला तर ती रिकाम्या डब्यासारखी बघायची. मग लक्षात आलं, की जिना चढता-उतरता ती घडाघडा म्हणते. मग पाढा जिन्यात. वरच्या पायरीवर सात एके सात, खाली येत येत सात नव्वे त्रेसष्ट, आणि सात दाहे सत्तर नेमकं काकूंच्या पायपुसण्यावर. सत्तर आला की ती दोन्ही पायांनी उडी मारायची. काकूंचे यजमान एका पतपेढीतून रोखपाल म्हणून निवृत्त झालेले. दुपारी डोळा लागला की दारात सत्तर आदळायचे. ते एकदा बाहेर येऊन शांतपणे म्हणाले, "मास्तर, सहाचा शिकवा. साठपर्यंत मी सहन करेन."

वकिलाला शिकवायची गरज नसे, त्याचं मन वळवावं लागे. दोन अधिक दोन चार हे त्यानं मान्य केलं, पण 'तूर्तास' असं म्हणून.

आणि घुमी टेबलाच्या टोकाला बसून ऐकायची. काही विचारलं तर पाटीवर लिहून दाखवायची. मी म्हणायचो, "बोल की गं." ती माझ्याकडे बघायची आणि पाटी थोडी पुढे सरकवायची, मला नीट दिसत नसेल म्हणून.

तपासणी जवळ आली होती आणि मी घुमीला दोन अंकी बेरीज शिकवायला घेतली. मुलगी बोलली नाही तर निदान गणितानं तरी बाईंना गार करावं, असा विचार. फळ्यावर एक बेरीज मांडली. एककांची बेरीज पंधरा आली. मी म्हणालो, "पाच लिहायचे आणि एक हातचा."

घुमीनं हाताकडे पाहिलं.

"हो, हातात ठेवायचा," मी म्हणालो. शिकवण्याच्या भरात माणूस वाहवतो. "आणि सांभाळून ठेवायचा बरं का. हातचा विसरला की सगळं चुकतं. मी सांगेपर्यंत सोडायचा नाही."

तिनं उजवा हात पुढे केला. मी फळ्यावरून एक चिमटीत उचलल्यासारखं केलं आणि तिच्या तळहातावर ठेवलं. तिनं मूठ मिटली. हा माझ्या कारकिर्दीतला सर्वोत्तम तास होता. तेवढ्यात बेल वाजली. मोरीतला नळ गळत होता म्हणून बोलावलेला प्लंबर आला. वेळेवर येणारा प्लंबर मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होतो, त्यामुळे त्याला सोडणं शक्य नव्हतं. मोरी पाहून तो बाहेर आला, म्हणाला, "साहेब, तुम्हाला काढूनच दाखवतो," आणि पंज्यानं फळा पुसून त्यानं भिंतीतल्या पाइपाची आकृती काढली. आकृती अतिशय सुंदर होती. कपाटाच्या मुठीचा त्यानं कॉक म्हणून उपयोग केला. मला हे कधी सुचलं नव्हतं.

रात्री जेवायला बसलो तेव्हा घुमी डाव्या हातानं चमच्याशी झगडत होती.

"उजव्या हाताला काय झालं?" ताईनं विचारलं.

घुमी माझ्याकडे बघू लागली. मी ताईकडे. ताई सगळ्यांकडे.

"तिच्याकडे मामाचा एक आहे," वकील म्हणाला. "ठेवायला दिलाय."

ताईला समजायला थोडा वेळ लागला. मला अजिबात लागला नाही. मी हसत म्हणालो, "अगं, सोड तो. झालं आता."

घुमीनं मान हलवली. मुठीची बोटं पांढरी पडली होती.

"तू म्हणालास, सोडला तर सगळं चुकतं," वकील म्हणाला. "आणि ती बेरीज झालेली नाही. तू दशक केलेच नाहीस. उठून गेलास."

"बरं, मग आता करू. बेरीज कुठली होती?"

फळ्यावर पाइप होता.

इथून पुढचे दिवस मी शक्यतो आठवत नाही. मूठ उघडेना. आंघोळीला ताई त्या हाताला प्लास्टिकची पिशवी बांधायची. भिंगरी तिला भरवायला बसली. हो, बसली, खुर्चीवर, पूर्ण जेवणभर, आणि हे आमच्यापैकी कुणाच्या लक्षातही आलं नाही. वकील तिची बटणं लावून द्यायचा आणि प्रत्येक बटणाला "हरकत नाही ना?" विचारायचा. अपमान फक्त माझा झाला होता, आणि त्याला कुणी पिशवी बांधत नव्हतं.

मी प्लंबरला फोन केला. "तुम्ही आमच्याकडे आला होता, तेव्हा फळ्यावरचा एक आकडा पुसलात. तो कोणता होता?"

तो पलीकडून सावधपणे म्हणाला, "साहेब, मी आकडा दिलेलाच नाही अजून. आणि दिला तर त्याच्यात पुसापुशी नसते आपल्याकडे."

दुसऱ्या दिवशी मी युक्ती केली. युक्ती हा शब्द मी हल्ली जपून वापरतो. फळा स्वच्छ पुसला, चौसष्ट अधिक अठरा मांडले आणि घुमीला म्हणालो, "चार आणि आठ बारा. दोन लिहिले. आता तुझ्या मुठीतला एक इथे टाक, हिशोब मिटला."

घुमीनं फळ्याकडे पाहिलं. मग डावा हात पुढे केला.

"काय पाहिजे?"

"या बेरजेचा हातचा," वकील म्हणाला. "आत्ता निघाला तो. तो वेगळा. उजव्या हातात आहे तो त्या बेरजेचा. त्याचा एक याच्यात कसा घालणार? शेजाऱ्याचं पत्र आपण उघडतो का?"

मी इतका वैतागलो होतो, की पटकन तिच्या डाव्या तळहातावर टिचकी मारली, म्हणालो, "घे बाई, हा त्याचा," आणि तिनं काही करायच्या आत खडू उचलून स्वतःच दशकांची बेरीज करून टाकली. "सहा, एक आणि हातचा एक, आठ. ब्याऐंशी. संपलं."

तिची डावी मूठ मिटलेली होती.

"मामा," वकील हळूच म्हणाला, "दोन्ही तिच्याकडे आहेत. मग तू आत्ता घातलास तो कुठला?"

मी खिडकीबाहेर पाहू लागलो. बाहेर विशेष काही नव्हतं.

आता दोन्ही मुठी बंद झाल्या आणि प्रकरण इमारतीत गेलं. आधी काकू आल्या. त्यांनी घुमीला मांडीवर घेतलं, गुदगुल्या केल्या, मग दोन्ही मुठींवर फुंकर मारली. शेवटी समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "अगं, हातचं सोडून..." आणि पुढची म्हण आठवल्यावर गप्प झाल्या. पण घुमीनं ऐकलं होतं. मुठी आणखी आवळल्या.

मग रोखपाल काका आले. त्यांनी चष्मा पुसला, दोन्ही मुठी न्याहाळल्या आणि म्हणाले, "मास्तर, तुमची मुळात नोंदच चुकली आहे. हातचा दिसायला एक, असतो दहा. दशकात जातो ना तो? म्हणजे पोरीकडे आत्ता वीस आहेत."

"तरीच म्हटलं, हात असे लोंबतायत," काकू म्हणाल्या. "एवढ्याशा जिवाला वीस?"

"झाकली मूठ सव्वा लाखाची असते," काका सवयीनं म्हणाले.

"वीस की सव्वा लाख," वकील म्हणाला, "एक काय ते ठरवा."

काका जरा ओशाळले. बाहेर पडताना ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "माझ्या उभ्या नोकरीत शिल्लक कधी अशी कुणाच्या हातात ठेवली नाही. तुम्ही नातेवाईक म्हणून बोलत नाही."

डॉक्टरांकडेही गेलो. त्यांनी मनगट वळवून पाहिलं, बोटं दाबून पाहिली. "मुठीत काय आहे?"

"एक," वकील म्हणाला. तो तिच्या वतीनं आला होता.

"एक काय?"

"नुसता एक."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "गिळलेलं वगैरे नाही ना काही?"

"गिळला असता तर पोटचा झाला असता," वकील म्हणाला, "हातचा नाही."

डॉक्टरांनी पुढच्या माणसाला आत बोलावलं. आमच्याकडे बघून म्हणाले, "हात उत्तम आहे. धरायची ताकद वयापेक्षा जास्त आहे." मग विचार करून माझ्यासाठी झोपेची गोळी लिहून दिली.

त्या संध्याकाळी ताई धुतलेले कपडे घडी करत होती. मी पलंगाच्या कडेला बसलो होतो. ती म्हणाली, "परवा त्या बाई येणार."

"हो."

"आधी ती बोलत नव्हती. लिहायची तरी. आता खडूही धरत नाही."

"ताई, मी..."

"मी तुला काही बोलत नाहीये." तिनं एक छोटा फ्रॉक घडी केला, उलगडला, पुन्हा घडी केला. "त्या खोलीत दिवसा दिवा लावतात रे. मी विचारलं, दिवा कशाला? तर म्हणाल्या, लावला नाही तर मुलांना झोप येते."

मला यावर विनोद सुचला नाही. हे मी माझ्या बचावासाठी नमूद करतो.

तपासनीस बाई आल्या त्या जिना चढून धापा टाकत. वयस्क, जाड भिंगांचा चष्मा, खांद्याला पिशवी, गुडघ्यावर हात. त्यांच्यामागून काका आणि काकूही आले. पाणी विचारायला, असं काकू म्हणाल्या, आणि पाणी आमच्याच घरातलं विचारलं. ताई रजा टाकून घरी होती. स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहिली आणि दाराची कड धरून राहिली.

"करून शिकणारी मुलं," बाईंनी कागदावरून वाचलं आणि खोलीभर नजर फिरवली. माती, ठोकळे, असं काही त्यांना अपेक्षित असावं. त्यांना कपाटाचं दार दिसलं. "सातचा पाढा कोण म्हणतं?"

"मी," भिंगरी म्हणाली, "पण इथे येत नाही मला. जिन्यात येतो."

बाई तो जिना नुकत्याच चढून आल्या होत्या. त्यांनी डोळे मिटले, उघडले आणि निमूट उठल्या. भिंगरी उतरत गेली, बाई कठड्याला धरून मागोमाग, आम्ही वरून बघत. सत्तरची उडी रिकाम्या घराच्या दारात पडली. काका माझ्याशेजारी उभे होते. हळूच म्हणाले, "बाहेरून एवढा आवाज येत नाही हो."

परत वर येऊन बसल्यावर बाई वकिलाला म्हणाल्या, "तुला एक प्रश्न विचारते."

"हा विचारला त्यात धरायचा का?"

बाईंनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं, म्हणाल्या, "झालं तुझं," आणि कागदावर खूण केली.

मग त्या घुमीकडे वळल्या. घुमी टेबलाच्या टोकाला, दोन्ही मुठी टेबलावर ठेवून बसली होती. बाईंनी नाव विचारलं. उत्तर नाही. वय विचारलं. उत्तर नाही. खडू पुढे केला. घुमीनं खडूकडे पाहिलं, मग आपल्या मुठींकडे.

"तिच्या वतीनं मी..." वकील उठला.

"तुझं झालं ना? बस."

वकील बसला. त्याला असं कुणी बसवलेलं मी पाहिलं नव्हतं. ताईच्या हाताखाली दाराची कड करकरली. मी माझं निवेदन तयार ठेवलं होतं; त्यात पाइप, प्लंबर आणि माझी परिस्थिती असं सगळं होतं. पण बाईंनी मला हातानं थांबवलं. खुर्ची पुढे ओढली. त्या मुठींकडे बघत राहिल्या, आणि एखाद्या बाईनं बसस्टॉपवर दुसरीला पिशवीबद्दल विचारावं तसं विचारलं, "जड आहे का गं?"

घुमीनं वर पाहिलं.

"हो," ती म्हणाली.

काकूंनी हातातला पाण्याचा पेला कुठे ठेवावा ते न कळून काकांच्या हातात दिला.

"कुणाचं आहे?" बाई म्हणाल्या.

"अठ्ठेचाळीस अधिक सदतीसचा." आवाज बारीक होता, पण अक्षर न् अक्षर स्पष्ट. "आठ आणि सात पंधरा. पाच लिहिले. एक हातचा. मामा म्हणाला, मी सांगेपर्यंत ठेव. मग मामा नळाकडे गेला."

मी ही बेरीज प्लंबरकडे शोधली होती. कचऱ्यातल्या खडूच्या भुग्यात शोधली होती. वकिलाची तर तीनदा साक्ष काढली होती.

"अगं, मग सांगितलं का नाहीस?" ताई दारातून म्हणाली.

"मला नाही विचारलं," घुमी म्हणाली. "सगळे ह्याला विचारत होते."

वकील आपल्या सदऱ्याची बटणं मोजू लागला.

बाई उठल्या, फळ्याशी गेल्या आणि बेरीज मांडली. खाली पाच लिहिले. दशकाची जागा मोकळी ठेवून बाजूला झाल्या. घुमी खुर्चीवरून उतरली, फळ्याजवळ आली, टाचा उंचावल्या आणि उजवी मूठ चारच्या डोक्यावर नेऊन हळूहळू उघडली. पाणी न सांडता ओतावं तशी. तळहातावर नखांचे चार लाल व्रण उठले होते. तिनं हात पूर्ण पालथा केला, काही राहिलं नाही ना ते बघितलं, मग खडू घेतला आणि पाचच्या शेजारी आठ लिहिले.

"पंच्याऐंशी," ती म्हणाली.

काकूंनी डोळ्यांना पदर लावला. काका पुटपुटले, "ताळा जमला."

"आणि हा?" बाईंनी डाव्या मुठीकडे बोट केलं.

"हा जास्तीचा. याची बेरीज झाली. मामानं दुसराच घातला."

बाई माझ्याकडे वळल्या. "तुम्ही दुसरा घातलात?"

"हो."

"कुठून आणलात?"

मी आजही त्या प्रश्नावर विचार करतो. त्या क्षणी जे सुचलं ते म्हणालो, "उसना घेतला."

"बेरजेत?"

खोलीतल्या प्रत्येकानं मान खाली घातली. काकांनी तर पेला टेबलावर ठेवून दिला. उसना वजाबाकीत घेतात हे त्या खोलीत मी सोडून सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणजे मलाही ठाऊक होतं, पण मनुष्य अडचणीत सापडला की कुठेही हात पसरतो.

बाईंनी उजवा हात घुमीपुढे धरला. "हा माझ्याकडे दे. कार्यालयात ठेवते."

घुमीनं विचार केला. बाईंच्या हाताकडे पाहिलं, बोटांमध्ये फटी आहेत का ते पाहिलं. मग आपली डावी मूठ त्यावर ठेवली आणि उघडली.

"घट्ट धरा," ती म्हणाली.

"धरते."

बाईंनी मूठ मिटली. मला वाटलं, आता त्या हसतील, मूठ झटकतील, पेन उचलतील. त्यांनी तसं काही केलं नाही. त्या खुर्चीवर बसल्या, मूठ मांडीवर ठेवली आणि मला म्हणाल्या, "मला लिहिता येणार नाही. तुम्ही लिहा."

मी पेन घेतलं. त्या सांगत गेल्या. "तिन्ही मुलं तोंडी उत्तरं देतात. प्रगती समाधानकारक. घरीच शिकू द्यावं." ताई स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडला; बराच वेळ सोडला. "लिहिलंत? पुढे. शिक्षक."

"शिक्षक," मी लिहिलं.

"असमाधानकारक."

"मॅडम, यात परिस्थितीचा..."

"अ-स-मा-धा-न-का-र-क," वकील माझ्या खांद्यावरून वाचत म्हणाला. "मामा, काना राहिला."

मी काना दिला. बाईंनी डाव्या हातानं सही केली. ती सही म्हणजे पावसात सापडलेल्या मुंगीनं घर शोधावं तशी होती. मग पिशवी डाव्या खांद्यावर घेतली, उजवी मूठ छातीशी धरली आणि त्या कठड्याला हात न लावता जिना उतरल्या. घुमी वरून वाकून बघत होती. शेवटच्या वळणावर बाईंनी वर पाहिलं आणि मूठ जराशी उंचावून दाखवली.

"आहे," घुमी आम्हाला म्हणाली.

त्यानंतर कक्षातल्या खिडकीवर एकदाच जावं लागलं, कारण सही जुळत नव्हती. कारकुनानं बरीच चौकशी केली आणि शेवटी शेरा मारला: 'सही डाव्या हाताची. कारण, उजवा हात कामात.' परवानगी पक्की झाली. शाळा सुरू आहे. हल्ली शिकवायला रोज ताई बसते, कामावरून आल्यावर. मी फळा पुसतो आणि उठून जायचं असेल तर आधी विचारून जातो. घुमी आता कधीकधी बोलते. काल काकूंना ती स्वतःहून म्हणाली, की तुमच्या पायपुसण्यावर सत्तर सांडलेत. पण रोज सकाळी ती मला एकच प्रश्न विचारते, "त्या बाईंनी सोडला तर नसेल?" मी सांगतो, नाही. आणि माझा शब्द खोटा पडू नये म्हणून मी कक्षाला एक विनंती पाठवून ठेवली आहे, ती अशी:

'उपरोक्त तपासनीस बाईंच्या उजव्या मुठीत आमच्या घरचा एक (किंमत दहा) सुरक्षित आहे. तरी सदर बाईंना सेवानिवृत्तीपर्यंत उजव्या हाताचे कोणतेही काम देण्यात येऊ नये, त्यांना कुणी नमस्कार केल्यास त्यांच्या वतीने अन्य कर्मचाऱ्याने हात जोडावेत, आणि निवृत्तीच्या दिवशी सदर एक त्यांच्या जागी येणाऱ्या अधिकाऱ्याच्या हाती, बोटांमधील फटी तपासून, समक्ष सोपवण्यात यावा, ही नम्र विनंती.'